पिकअप घेताना गाडी अडखळते, कसारा घाटात जास्त. स्कॅनरवर कोड काहीच नाही

वर्षाऋतू
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, रनिंग ८१ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'तरी सांगत होतो, ती घेऊ नका' याच्यावर जाईल.

गावात, म्हणजे नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी झकास चालते. तिसऱ्या-चौथ्यात दोन-अडीच हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला की क्षणभर काही होतच नाही, मग गचका देऊन पुढे जाते. मुंबईहून परत येताना कसारा घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर निघाले आणि नेमका तिथेच गाडीने दम सोडला. मागून एसटी. पुढचं सांगत नाही.

प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओतून झाली. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात, "मॅडम, तुमचा पाय हलका आहे, रेस पूर्ण द्या." भाऊ चालवतो तेव्हाही तेच होतं आणि त्याचा पाय हलका नाही, हे त्याची चलनं सांगतील.

रात्री जास्त होतं असं वाटतं, पण तो मनाचा खेळही असेल. भावाकडे ब्लूटूथचं ओबीडी डोंगल आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं. काय बघू?

सातपूरकर
फ्युएल पंप. डोळे झाकून. ८० हजाराला जातोच.

आंबट_द्राक्ष
ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. २०१४ची गाडी म्हणजे त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. माझ्याही गाडीचं ॲव्हरेज पडलंय. सगळ्यांची हीच रड आहे.

घोटी_ते_घोटी
आधी क्लच स्लिप होत नाही ना बघा. चौथ्या गिअरवर ४०च्या स्पीडला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा सुटून वर गेला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच. काटाच वर जात नसेल तर दुखणं इंजिनात.

वर्षाऋतू
काटा वर जात नाही. उलट तो क्षणभर अडकतो.

गोदाकाठचा
मग क्लच बाद.

@आंबट_द्राक्ष, ई-२०ने ॲव्हरेज कमी होतं हे खरं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. तो फरक ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवरून भरून काढतो. तेच पेट्रोल पिऊन गावात गाडी झकास आणि घाटात अडखळते, तर दोष एकट्या पेट्रोलवर ढकलता येत नाही. टाकीत पाणी उतरलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सकाळी स्टार्टिंगलाच रडली असती.

ताई, डोंगलवर एवढं बघून सांगा:
शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. एकदा गाडी गरम करून न्यूट्रलला, एकदा न्यूट्रललाच अडीच हजार आरपीएम धरून, आणि एकदा चढावर. चालवताना तुम्ही स्क्रीनकडे बघायचं नाही, शेजारी बसलेल्याने बघायचं. आणि एमएपी सेन्सरचं (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) रीडिंग, एकदा इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करून, एकदा चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर असताना.

सातपूरकर
एवढं डॉक्टरी करण्यापेक्षा पंप बदला आणि मोकळे व्हा.

वर्षाऋतू
पंपाचा अख्खा असेंब्ली सेट किती महाग आहे ते शोरूममध्ये विचारून आले आहे. त्यामुळे डॉक्टरीच करू.

काल भावाला शेजारी बसवून सिन्नरच्या बाजूला मोहदरी घाटात नेली. आकडे:
न्यूट्रल, गरम इंजिन: शॉर्ट +१, लाँग +३.
न्यूट्रलला २५०० आरपीएम: दोन्ही मिळून +५.
घाटात तिसऱ्या गिअरवर, अर्धा ॲक्सिलरेटर: दोन्ही मिळून +१९ ते +२२, आणि तिथेच गचके.
एमएपी: चावी ऑन, इंजिन बंद असताना ९५ केपीए (किलोपास्कल). घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरला ९२.
पुढचा ऑक्सिजन सेन्सर पूर्ण ॲक्सिलरेटरला ०.१ ते ०.२ व्होल्ट.

मिसळ_मंगळवारी
सापडलं. इंजिन बंद असताना एमएपीने हवेचा दाब दाखवायचा असतो, म्हणजे १०१ केपीए. तुमचा ९५ दाखवतोय. सेन्सर गेला.

गोदाकाठचा
अहो, १०१ समुद्रकाठी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० ते ६०० मीटर उंच आहे. इथे ९४-९५च यायला हवं. सेन्सर ठणठणीत आहे. उद्या कुणी या नियमाने बदलायला लागलं तर अख्ख्या नाशकात एक एमएपी सेन्सर शिल्लक राहायचा नाही.

आणि पूर्ण ॲक्सिलरेटरला ९२ म्हणजे हवा इंजिनात बिनअडथळा येते आहे. एअर फिल्टर, थ्रॉटल दोन्ही सुटले.

राहिला ट्रिमचा हिशोब. अधिक म्हणजे ईसीयूला पेट्रोल कमी पडतंय असं दिसतंय आणि तो वाढवून देतोय. दहाच्या आत काही वाटत नाही, वीस म्हणजे गडबड. आता ते कुठे वाढलं ते बघा. हवा कुठून चोरून शिरत असती तर न्यूट्रलला आकडा सगळ्यात मोठा असता आणि रेस दिल्यावर कमी झाला असता, कारण थोड्या हवेत चोरीची हवा जास्त जाणवते, भरपूर हवेत ती बुडून जाते. तुमचं बरोबर उलटं आहे. मागणी वाढली की पुरवठा तोकडा पडतोय.

घोटी_ते_घोटी
एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जो रबरी बेलो असतो त्याला खालून चीर पडते. इंजिन जोरात आलं की हलतं आणि चीर उघडते. माझ्या आधीच्या गाडीला तेच झालं होतं, लक्षणं डिट्टो हीच.

गोदाकाठचा
तुमच्या त्या गाडीला एअर फ्लो सेन्सर असणार. तो फिल्टरच्या तोंडाशी हवा मोजतो, चिरेतून शिरलेली हवा त्याच्या हिशोबात येत नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं. ताईंच्या गाडीत एमएपी आहे. तो थ्रॉटलच्या पुढचा, मॅनिफोल्डमधला दाब बघतो. बेलो फाटला तर धूळ आत जाईल, ते वाईटच, पण मिश्रण बिघडणार नाही. एमएपीच्या गाडीत थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतची गळतीच तेवढी मोजायची.

आंबट_द्राक्ष
तरी मी म्हणेन ई-२०.

चालक_मालक (व्यवस्थापन)
ई-२०वर वेगळा धागा आहे, तिथे जागा भरपूर आहे.

नोझलकाका
धागा वाचतो आहे. मी मायकोमध्ये नोझल विभागात नोकरी केली, आता घरी असतो. तिथे सुई आणि बॉडीतली फट दोन-चार मायक्रॉन ठेवायची असते. त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलायचा म्हटलं की माझा हात मागे येतो.

गोदाकाठचा यांचं बरोबर आहे, फक्त एक पायरी राहिली. मिसफायर झाला तरी ऑक्सिजन सेन्सर लीनच दाखवतो, म्हणजे तुझ्यासारखे ०.१-०.२ व्होल्ट, 'हवा जास्त, पेट्रोल कमी'. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर हवा न जळता तशीच बाहेर येते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. लोडवर आधी कॉइलच (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) दम तोडते. प्लग नवे आहेत, कॉइल जुन्याच ना? पेट्रोलच्या मागे लागण्यापूर्वी तेवढी शंका फेडून घ्या.

मुली, एक विचारतो. "रात्री जास्त होतं" असं लिहून तूच ते मनाचा खेळ म्हणून सोडून दिलंस. रात्री काय वेगळं असतं? हवा गार असते, म्हणजे गाडी उलट चांगली पळायला हवी.

वर्षाऋतू
काका, नमस्कार. रात्री एसी बहुतेक बंद असतो. दिवे चालू. पावसाळ्यात मागच्या काचेचा डीफॉगर चालू. बाकी काही नाही.

नोझलकाका
दिवे आणि डीफॉगर. ठीक. आता गाडी उभी करून दिवे लाव, मागे कुणाला तरी उभं कर आणि इंडिकेटर दे. इंडिकेटरबरोबर टेललाइटही बारीक लुकलुकतो का ते बघायला सांग. मग ब्रेक दाब आणि पुन्हा बघ.

सातपूरकर
काका, पिकअपचा आणि टेललाइटचा काय संबंध?

नोझलकाका
असेल किंवा नसेल. बघायला पैसे पडत नाहीत.

वर्षाऋतू
लुकलुकतो!! डाव्या बाजूचा. इंडिकेटर पेटला की टेललाइट मंद, विझला की पुन्हा भक्क. ब्रेक दाबला की डावीकडचे सगळेच मिणमिणतात. मी कधी गाडीच्या मागे उभं राहून बघितलंच नव्हतं, कोण बघतं?

कॉइल पण गॅरेजमध्ये दुसऱ्या तशाच गाडीच्या लावून पाहिल्या. काही फरक नाही, म्हणून आपल्या परत लावल्या.

नोझलकाका
मग आर्थिंग. डावीकडच्या दिव्यांचा करंट सुखाने बॉडीत उतरत नाहीये. बऱ्याच गाड्यांत टाकीतल्या पंपाचं अर्थही मागेच, त्याच बोल्टवर किंवा जवळच्या बोल्टवर घेतलेलं असतं. दिवे, डीफॉगर, पंप एकाच गंजक्या बोल्टवर बसले की पंपाच्या वाट्याला व्होल्टेज कमी येतं. मोटर हळू फिरते. न्यूट्रलला पेट्रोल लागतंच किती, तेवढं ती पुरवते. चढावर कमी पडते.

हे अजून अंदाजच आहे हं. सिद्ध करायचं तर दोन मापं घ्यायची.

एक: फ्युएल प्रेशर. रेलजवळ (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) टी-जोड लावून गेज बसवायचं. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, नाहीतर पेट्रोलची पिचकारी गरम इंजिनावर. हे घरी करू नकोस, गॅरेजमध्येच.

दोन: व्होल्टेज ड्रॉप. मागचं सीट उचललं की पंपाचं झाकण आणि कपलर दिसतो. कपलर लागलेलाच ठेवायचा, मल्टिमीटरची पिन मागून वायरच्या कडेने आत सरकवायची. इंजिन चालू, हेडलाइट चालू, डीफॉगर चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या अर्थ पिनवर. शून्याच्या जवळ यायला हवं. तसंच बॅटरी पॉझिटिव्ह ते पंपाची पॉझिटिव्ह पिन. गाडी बंद ठेवून कपलर काढून मोजलंत तर सगळं छान दिसेल आणि फसाल. करंट वाहत असल्याशिवाय ड्रॉप दिसत नाही.

मिसळ_मंगळवारी
हे शेवटचं वाक्य आमच्या इलेक्ट्रिशियनला फ्रेम करून द्यायला हवं. टेस्ट लॅम्प पेटला की 'करंट आहे साहेब' म्हणून मोकळा.

देवळाली_डिझेल
मध्येच घुसतो, माफ करा. माझी डिझेल एसयूव्ही. पिकअप नाही, काळा धूर, आणि जोरात दाबलं की शीळ घातल्यासारखा आवाज. दोन ठिकाणी इंजेक्टर ओव्हरहॉल करा म्हणून सांगितलं. करू का?

नोझलकाका
शीळ येतेय आणि इंजेक्टर काढतायत? थांबवा त्यांना. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे होज बघा. जिथे तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथे क्लिप ढिली किंवा चीर. टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते, आत डिझेल जास्त नि हवा कमी, म्हणून काळा धूर. होज शाबूत निघाला तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकलाय का ते. इंजेक्टर त्यानंतर. ते उघडायचे तर स्वच्छ खोलीत उघडायचे असतात, रस्त्याकडेच्या टेबलावर नाही.

वर्षाऋतू
आज अंबडला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. दुकान लहान, पण माणूस मीटर घेऊनच गाडीपाशी आला, तिथेच निम्मं टेन्शन गेलं. त्याला काकांची पोस्ट वाचून दाखवली. म्हणाला, "हे ज्यांनी लिहिलंय त्यांना चहाला बोलवा."

प्रेशर: न्यूट्रलला ३ बार, मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच. गेज वायपरखाली अडकवून त्याने स्वतः उड्डाणपुलाच्या चढावर गाडी नेली, दिवे लावून. २.१पर्यंत पडलं, आणि काटा खाली आला की गचका. ते बघून त्याचा मुलगा म्हणाला, पंप गेला. तो म्हणाला, थांब.

सीट उचललं. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८.
पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप ०.३ व्होल्ट.
अर्थ बाजूचा, दिवे बंद असताना ०.९.
अर्थ बाजूचा, हेडलाइट आणि डीफॉगर लावून २.६!

म्हणजे रात्री पंपाला जेमतेम ११ व्होल्ट मिळत होते.

मग डिकीतलं डाव्या बाजूचं आतलं पॅनल काढलं. चाकाच्या कमानीवर एक बोल्ट आणि त्यावर तीन काळ्या वायरी एकाच थिंबलमध्ये (वायरच्या टोकाचं धातूचं कडं). थिंबल हिरवं पडलेलं, बोल्टखाली तपकिरी पापुद्रा, खालचा नमदा पिळला तर पाणी निघेल इतका ओला. पाणी कुठून? डावा टेललाइट. मागच्या वर्षी एका टेम्पोने ठोकल्यावर डेंटिंग-पेंटिंग करून नवा दिवा बसवला होता. त्याचं गॅस्केट खालच्या कोपऱ्यात दुमडलेलं निघालं. दोन पावसाळे पाणी आतल्या बाजूने बरोबर त्या बोल्टवर ठिबकत होतं.

सातपूरकर
बाप रे. पण पंप बदलला असता तरी फरक पडलाच असता ना?

गोदाकाठचा
पडला असता, थोडा. नवा पंप ११ व्होल्टवर जुन्यापेक्षा बरा चालला असता, ताईंना वाटलं असतं काम झालं, आणि पुढच्या पावसाळ्यात बोल्ट आणखी गंजल्यावर हाच धागा पुन्हा वर आला असता. तेव्हा तुम्ही म्हणाला असता, 'पंप डुप्लिकेट टाकला असणार.'

सातपूरकर
म्हणालो असतो खरा 😄

वर्षाऋतू
पुढचं ऐका. त्याने बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तिन्ही वायरींना वेगवेगळी नवी थिंबलं दाबून बसवली, पंपाचं अर्थ शेजारच्या कोरड्या बोल्टवर स्वतंत्र नेलं, आणि सगळं बसल्यावर वरून ग्रीस लावलं. टेललाइटचं गॅस्केट नवं. नमदा काढून घरी गच्चीवर वाळत घातलाय, सासूबाई विचारतायत हे कुठल्या बकऱ्याचं.

अर्थ बाजूचा ड्रॉप आता सगळं चालू असताना ०.१. त्याच चढावर प्रेशर २.९. गचका नाही.

घाटातले आकडे रविवारी टाकते.

घोटी_ते_घोटी
ग्रीस आधी की नंतर? आमच्याकडे एकाने आधी ग्रीस फासून मग बोल्ट आवळला होता.

नोझलकाका
पत्र्याला पत्रा आधी भिडला पाहिजे, ग्रीस पाणी रोखायला वरून. त्याने केलं ते बरोबर.

मुली, ट्रिमचा आकडा लगेच खाली आला नाही तर घाबरू नकोस. लाँग टर्म म्हणजे ईसीयूची सवय आहे, गाडी चालेल तशी ती हळूहळू सुटते. डोंगलवरून मेमरी पुसता येते, पण मी पुसत नाही. आपोआप उतरलेला आकडा हाच दुरुस्तीचा पुरावा.

देवळाली_डिझेल
काका, होजच निघाला. इंटरकूलरच्या खालच्या तोंडाशी, क्लिपच्या अगदी आत बोटभर चीर. बाहेरून दिसतच नव्हती, हात फिरवला तेव्हा तेल लागलं. इंजेक्टर वाचले. धूर बंद.

वर्षाऋतू
रविवारचा अहवाल. मुद्दाम संध्याकाळी उशिरा कसाऱ्यापर्यंत खाली उतरून पुन्हा वर आले, दिवे, डीफॉगर, वर एसीसुद्धा लावून, गाडीत चौघं. तिसऱ्या गिअरवर चढाला ट्रिम दोन्ही मिळून +६. पूर्ण ॲक्सिलरेटरला ऑक्सिजन सेन्सर ०.८५. तीच वळणं, तसेच ट्रक, आणि या वेळी बाहेर काढली की गाडी निघत होती. इगतपुरीला वर येऊन वडापाव खाल्ला.

गॅरेजवाल्यांना पायाचं वजन कळवायचं राहिलंय.

आंबट_द्राक्ष
अभिनंदन ताई. ॲव्हरेज किती देते आता? नाही, सहज विचारलं.

चालक_मालक (व्यवस्थापन)
🙂

पंचवटी_सीएनजी
धागा वाचून माझं पण लिहितो. पेट्रोल गाडीला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. आडगाव नाक्यावरून उड्डाणपुलावर चढताना असाच गचका येतो. इंडिकेटर देऊन बघितलं, टेललाइट लुकलुकत नाही. म्हणजे माझं आर्थिंग नाही ना? काय बदलू?

गोदाकाठचा
अजून काहीच बदलू नका. तोच चढ, तोच गिअर, एकदा सीएनजीवर आणि लगेच एकदा पेट्रोलवर चढवा. पेट्रोलवर गचका गेला तर किटचा फिल्टर, रिड्यूसरचं (गॅसचा दाब उतरवणारा) प्रेशर आणि प्लगचा गॅप बघायचा. सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे पेट्रोलवर मुकाट चालणारा घासलेला प्लग किंवा दमलेली कॉइल गॅसवर आधी बोलते. दोन्हींवर सारखाच गचका आला तर किटला हात लावू नका, ट्रिमचे आकडे घेऊन इथे या.